तपासणीनंतरचा महिना

महाराष्ट्रातल्या बहुतेक बालगृहांत अधीक्षकांच्या टेबलावर एक शेरेबुक ठेवलेले असते. भेटीला आलेले अधिकारी, देणगीदार, लोकप्रतिनिधी, कधी एखादे न्यायाधीश त्यात चार ओळी लिहून खाली सही करतात. परिसर स्वच्छ आहे, मुले आनंदी दिसली, संस्थेच्या पुढील वाटचालीस शुभेच्छा. अशी दहा-पंधरा वर्षांची शेरेबुके सलग वाचली, तरी तिथे राहून गेलेल्या एकाही मुलाविषयी काही हाती लागत नाही. कोण दोनदा पळून गेले, कोणाच्या कानातून महिनाभर पू येत होता, दिवाळीत कोणाला न्यायला कोणीच आले नाही, यातले काही तिथे नसते. बालगृहांवरची शासनाची देखरेख कशी सुरू झाली, तिला कायद्याचे बळ कसे मिळत गेले आणि एवढे बळ असूनही ती मुलापर्यंत का पोचत नाही, हा या पुस्तकाचा विषय आहे.

ज्यांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी आधी त्याचा आवाका सांगायला हवा. वृद्धाश्रम, मतिमंद मुलांची निवासी गृहे, निराधार स्त्रियांची आधारगृहे, भिक्षेकरीगृहे, शिशुगृहे, निरीक्षणगृहे आणि बालगृहे या सगळ्यांवर शासन कोणत्या ना कोणत्या कायद्याने लक्ष ठेवते. खाते वेगळे, कायदा वेगळा, अनुदानाचे नियम वेगळे. पण आत राहणाऱ्या माणसाची स्थिती सारखीच. त्याला तिथून सहज निघून जाता येत नाही, आणि तक्रार करायची तर ज्याच्या हातून जेवण मिळते त्याच्याविरुद्धच करावी लागते. दुकानदाराने फसवले तर गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाते. इथे ती सोय नाही, म्हणूनच बाहेरच्या कोणीतरी आत येऊन बघणे अटळ ठरते.

या सगळ्यांतून पुस्तकाने मुलांची गृहे निवडली, त्याला कारण आहे. मूल बालगृहात येते ते बाल कल्याण समितीच्या आदेशाने. त्या दिवसापासून त्याच्या पालकत्वाची मोठी जबाबदारी राज्याने स्वतःकडे घेतलेली असते. तेव्हा बालगृहाची तपासणी ही कारखान्याच्या किंवा खानावळीच्या तपासणीसारखी परक्याच्या व्यवसायाची झडती राहत नाही. आपण ज्याला तिथे ठेवले त्याचे कसे चालले आहे, हे राज्य पाहायला जात असते. वसतिगृहात ठेवलेल्या लेकराला भेटायला गेलेली आई आधी गाद्या मोजत नाही. ती चेहरा बघते, नखे बघते, 'जेवतोस का नीट' म्हणून विचारते आणि उत्तर द्यायला किती वेळ लागला तेही बघते. शासनाच्या तपासणीतून नेमके हेच गळून गेले आहे, असे माझे मत आहे.

निराधारांना आसरा देणारी घरे आपल्याकडे कायद्याच्या कितीतरी आधी उभी राहिली. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. पंढरपुरात प्रार्थना समाजाच्या मंडळींनी १८७५ मध्ये टाकून दिलेल्या अर्भकांसाठी आश्रम सुरू केला. पंडिता रमाबाईंचे शारदा सदन १८८९ चे, धोंडो केशव कर्व्यांचा अनाथ बालिकाश्रम १८९६ चा. या घरांवर सरकारची नजर जवळजवळ नव्हतीच. नजर होती ती देणगीदारांची, वर्तमानपत्रांची आणि प्रतिष्ठितांच्या सल्लागार मंडळांची.

शारदा सदनाचे उदाहरण या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगे आहे. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर अशी मोठी माणसे त्याच्या सल्लागार मंडळावर होती. सदनातल्या मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पाडला जातो, असा गवगवा झाला, पुण्याच्या वृत्तपत्रांनी तो लावून धरला आणि १८९३ मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले. अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. वादात कोणाचे किती बरोबर होते यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला त्यातले दुसरेच काही महत्त्वाचे वाटते. समाजाने एका संस्थेवर अतिशय कडक नजर ठेवली होती, पण त्या नजरेला धर्मांतराखेरीज दुसरे काही दिसत नव्हते. मुलींना पोटभर मिळते का, त्या शिकतात का, सदनातून निघाल्यावर त्या कुठे जातील, हे प्रश्न त्या वादात मागेच पडले. आजही एखाद्या गृहाचे नाव पेपरात येते तेव्हा बहुधा असेच होते.

सरकार या क्षेत्रात उतरले ते गुन्ह्याच्या वाटेने. १८५० चा शिकाऊ उमेदवारांचा कायदा, मग १८७६ चा आणि १८९७ चा सुधारशाळांचा कायदा. डेव्हिड ससून यांच्या देणगीने १८५७ च्या सुमारास नावारूपाला आलेली आणि आज माहीमला असलेली औद्योगिक शाळा याच काळातली. चोरी करताना सापडलेल्या पोराला तुरुंगाऐवजी शाळेत ठेवावे आणि हाताला काम शिकवावे, ही त्यामागची कल्पना. काळजीची भाषा आली ती १९२४ च्या मुंबई बालक कायद्याने. मद्रास आणि बंगाल प्रांतांनी असे कायदे त्याआधी केले होते. मुंबईत अंमलबजावणीसाठी १९२७ मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. डोंगरी-उमरखाडीचे 'रिमांड होम' आणि मानखुर्दची बालगृहे तिच्याच कारभाराखाली वाढली. अर्धी सरकारी, अर्धी लोकाश्रयी अशी ही रचना महाराष्ट्राच्या अंगवळणी पडली. पैसा काही सरकारचा, काही दात्यांचा. चालवणारी संस्था, आदेश देणारे न्यायालय. जबाबदारी नेमकी कोणाची, हा आजचा गुंता तेव्हापासूनचा आहे.

स्वातंत्र्यानंतर परवान्याचे युग आले. स्त्रिया व मुलांच्या संस्थांना परवाना लागू करणारा कायदा १९५६ चा, अनाथालये व धर्मादाय गृहांवर देखरेख ठेवणारा १९६० चा. त्याआधीच, १९५० मध्ये, मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याने धर्मादाय आयुक्तांचे कार्यालय आणले होते. संस्थेने हिशेब तिथे द्यायचे, मान्यता समाजकल्याणकडून घ्यायची, मुले न्यायालयाकडून यायची. प्रत्येक दारावर वेगळा पहारेकरी होता आणि प्रत्येकाने फक्त आपल्यापुरते कागद बघायचे. या पिढीचा विश्वास असा होता की, चांगली माणसे चांगल्या हेतूने संस्था काढतात, तेव्हा सरकारने नोंद ठेवावी, हिशेब बघावा आणि बाकी त्यांच्यावर सोडावे. असंख्य संस्थांच्या बाबतीत तो खराही होता. वाईट माणसाला त्यात मोकळे रान मिळत होते, हे फार उशिरा कळले.

तो विश्वास हलवला न्यायालयांनी आणि पत्रकारांनी. परदेशी दत्तक जाणाऱ्या मुलांबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये लक्ष्मीकांत पांडे प्रकरणात सविस्तर नियम घालून दिले. मान्यता, कागदपत्रे आणि पाठपुरावा यांची काटेकोर साखळी मुलांच्या संस्थांना खऱ्या अर्थाने तिथे प्रथम लागू झाली. तुरुंगांत खितपत पडलेल्या मुलांसाठी पत्रकार शीला बारसे यांनी लढा दिला, आणि १९८६ मध्ये न्यायालयाने जिल्हा न्यायाधीशांना तुरुंगांत जाऊन पाहायला सांगितले. त्याच वर्षी देशभरासाठी पहिला बाल न्याय कायदा आला. १९९२ मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांची बालहक्क संहिता स्वीकारली आणि दयेची जागा हक्काने घेतली, निदान कागदावर. २००० चा नवा कायदा, २००६ च्या दुरुस्तीने सक्तीची झालेली नोंदणी, आणि शेवटी आज लागू असलेला २०१५ चा कायदा, अशी ही वाटचाल आहे.

ही वाटचाल सरळ वर जाणारी वाटत असेल, तर महाराष्ट्रातल्या दोन घटना समोर ठेवाव्यात. २०१० मध्ये शहापूर तालुक्यातल्या कवडास येथील मतिमंद मुलांच्या संस्थेत मुले कुपोषणाने दगावल्याच्या बातम्या आल्या आणि मुंबई उच्च न्यायालयाने त्यांची स्वतःहून दखल घेतली. अशा गृहांची पाहणी सुरू झाली. २०११ मध्ये पनवेलजवळच्या कळंबोलीत मतिमंद मुलींवर संस्थेतच अत्याचार होत असल्याचे उघडकीस आले. २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने संस्थाचालकासह अनेकांना दोषी ठरवले. ज्या मुलींना घडलेले धड सांगताही येत नव्हते, त्यांच्या बाबतीत नोंदणी आणि तपासणी यांखेरीज दुसरा आधार नव्हता, आणि तोच कुचकामी ठरला होता.

आजचा कायदा काय सांगतो, ते नवख्या वाचकाने नीट समजून घ्यावे. कारण तो कमकुवत नाही. कलम ४१ प्रमाणे प्रत्येक संस्थेने नोंदणी केलीच पाहिजे, अनुदान असो वा नसो. नोंदणी पाच वर्षांची. न केल्यास कलम ४२ मध्ये एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाख रुपये दंड. कलम ५४ प्रमाणे निरीक्षण समितीने तीन महिन्यांतून एकदा तरी प्रत्येक गृहात जायचे. समितीत किमान तिघे, त्यांत एक स्त्री आणि एक वैद्यकीय अधिकारी. भेटीनंतर आठवड्यात अहवाल, आणि अहवालानंतर महिन्यात कारवाई. याखेरीज बाल कल्याण समितीने महिन्याला दोन भेटी द्यायच्या. २०१६ च्या आदर्श नियमांत पंचवीस मुलांच्या शयनकक्षाला एक हजार चौरस फूट, पन्नास मुलांमागे आठ शौचालये, इथपर्यंत मोजमाप आहे. २०२१ च्या दुरुस्तीने जिल्हाधिकाऱ्यांना थेट या साखळीत आणले. एवढे डोळे आहेत, तर मग दिसत का नाही?

एका जाणत्या निरीक्षकाच्या भेटीचे वर्णन या संग्रहात आहे. भेटीची वर्दी आधी गेलेली असते. चादरींवर दुकानातल्या घड्या अजून तशाच असतात, फळ्यावर आठवड्याचा आहार सुवाच्य अक्षरात, अग्निशामक नळकांडीवर नवी तारीख. समितीतले बाकीचे लोक कार्यालयात बसून हजेरीपट, साठा नोंदवही आणि मुलांच्या फायली तपासू लागतात. हे गृहस्थ मात्र कोठीत जातात आणि डाळीच्या डब्याचे झाकण उघडून नोंदवहीतला आकडा आणि डब्यातली डाळ जुळते का, ते बघतात. मग शौचालयात जाऊन दाराला आतून कडी आहे का, ते बघतात. जेवणाच्या पंगतीत मुलांच्या बरोबर बसतात. ताटे मोजतात आणि हजेरीपटावरच्या आकड्याशी ताडून पाहतात. सगळ्यात शेवटी, काळजीवाहक लांब असताना, एखाद्या लहान मुलाला सहज विचारतात: 'रात्री भीती वाटली तर कोणाला उठवतोस?' मूल चटकन एखादे नाव सांगते, किंवा गप्प होते. ते गप्प झाले की हे गृहस्थ रात्रपाळीच्या नेमणुकांचे कागद मागवतात.

हे सगळे विहित नमुन्यात बसत नाही. नमुन्यात रकाने आहेत: आहे, नाही, शेरा. कडी 'आहे'मध्ये मोजली जाईल, पण भीतीला रकाना नाही.

मात्र खरी गळती याच्या पुढे होते. अहवाल जातो, त्यात त्रुटी लिहिलेल्या असतात, आणि कायद्याने ठरवलेला तो एक महिना सुरू होतो. संस्था 'पूर्तता अहवाल' पाठवते: त्रुटी दूर केल्या आहेत, फोटो सोबत जोडले आहेत. फाईल बंद होते. असे का होते, याचे उत्तर नुसत्या भ्रष्टाचारात शोधणे मला पुरेसे वाटत नाही. जिल्ह्याच्या कार्यालयाला माहीत असते की, या संस्थेचे अनुदान महिनोन्‌महिने थकले आहे आणि अधीक्षक किराणा उधारीवर आणतात. ज्याने पैसे दिले नाहीत त्याने डाळ पातळ का म्हणून कोणत्या तोंडाने विचारायचे? त्याहून अवघड गोष्ट ही की, संस्था बंद केली तर मुले न्यायची कुठे? शेजारच्या तालुक्यातले गृह भरलेले, जिल्ह्यात मुलींसाठी दुसरी सोय नाही. मग 'समज देण्यात आली' असे लिहून सगळेच सुटतात. पर्याय हाताशी नसलेल्या निरीक्षकाचा दरारा फक्त गाडी फाटकाबाहेर जाईपर्यंत टिकतो. देखरेखीवर जितके लिहिले-बोलले जाते, त्यातले बहुतांश भेटीविषयी असते. भेटीनंतरच्या महिन्याविषयी फार थोडे. या पुस्तकाचे वेगळेपण त्या महिन्याकडे बघण्यात आहे.

बिहारमधल्या मुझफ्फरपूरच्या बालिकागृहाने २०१८ मध्ये सगळ्या देशाला हादरवले, त्याचा संबंध मुंबईशी आहे. टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसच्या 'कोशिश' या उपक्रमाच्या पथकाने बिहारमधल्या ११० संस्थांचे सामाजिक अंकेक्षण केले होते. हा उपक्रम बेघर आणि भिक्षेकरीगृहांतल्या माणसांसोबत काम करत वाढलेला. मुझफ्फरपूरचे गृह अनुदानित होते, अधिकाऱ्यांच्या भेटीही तिथे होत. पथकाने मुलींशी बोलायला वेळ दिला आणि जे कागदावर कधी आले नव्हते ते बाहेर आले. तिसाहून अधिक मुलींवर अत्याचार झाले होते. २०२० मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने ज्यांना दोषी ठरवले, त्यांत बाल संरक्षणाचे आणि बाल कल्याण समितीचे काम ज्यांच्याकडे होते अशी माणसेही होती. पहारेकरीच सामील असेल तर पहारा वाढवून उपयोग नाही, हे या प्रकरणाने इतक्या उघडपणे दाखवले की, सामाजिक अंकेक्षणाचा आग्रह धरणाऱ्यांचा पक्ष त्यानंतर बळावला. सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूतल्या अनाथालयांवरून सुरू झालेल्या प्रकरणात ५ मे २०१७ च्या निकालात अशा अंकेक्षणाची गरज आधीच सांगितली होती.

या क्षेत्रात आज ढोबळमानाने तीन विचार एकमेकांशी झगडत आहेत. एक मानकांचा: नियम स्पष्ट करा, मोजा, दंड करा. प्रशासनाला तो सोयीचा, आणि मोबाइल अ‍ॅपवरून भरल्या जाणाऱ्या तपासणी-नमुन्यांनी तो आणखी सोयीचा झाला आहे. दुसरा, बाहेरच्यांना आणि मुलांना बोलू देण्याचा: सामाजिक अंकेक्षण, बालसमित्या, तक्रारपेट्या. तिसरा सगळ्यांत मूलगामी. तो म्हणतो, संस्था सुधारण्यात शक्ती घालवण्यापेक्षा मुले संस्थेत येणेच कमी करा. संयुक्त राष्ट्रांनी २००९ मध्ये पर्यायी काळजीबाबत मार्गदर्शक तत्त्वे मान्य केली ती याच विचाराची. आपल्याकडे बालसंगोपन योजना आहे. मुलाला आई, आजी किंवा मावशीकडेच ठेवून दरमहा मदत द्यायची. ही रक्कम २०२३ मध्ये वाढून २,२५० रुपये झाली. बालगृहांतल्या कितीतरी मुलांची आई किंवा वडील हयात असतात आणि गरिबीपायी ती तिथे आलेली असतात, हे या क्षेत्रात काम करणाऱ्या कोणालाही माहीत आहे. माझा कल तिसऱ्या विचाराकडे आहे. पण ज्या मुलीला घरातच धोका आहे तिच्यासाठी चांगले बालगृह लागणारच, आणि ते चांगले राहावे म्हणून पहिले दोन्ही विचार हवेत.

परदेशातली एक व्यवस्था इथे नोंदवावीशी वाटते. इंग्लंडमध्ये बालगृहांची तपासणी २००७ पासून ऑफस्टेड ही संस्था करते. ती गृहे चालवत नाही आणि तिथे मुले ठेवत नाही. प्रत्येक गृहाला दर्जा देते आणि अहवाल, घराचा पत्ता उघड न करता, सर्वांना वाचायला ठेवते. आपल्याकडे मान्यता देणारे, अनुदान देणारे आणि तपासणारे खाते एकच, आणि अहवाल सामान्य माणसाच्या नजरेस सहसा पडत नाहीत. इंग्लंडमध्येही मुलांचे हाल झाले आहेत, त्यावर मोठमोठ्या चौकशाही झाल्या आहेत. तरी तपासणारा वेगळा असावा आणि अहवाल वाचायला मिळावा, या दोन गोष्टी आपल्याला कोणत्याही नव्या कायद्याची वाट न पाहता सुरू करता येतील.

हे पुस्तक आताच का, असे कोणी विचारील. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने करवून घेतलेल्या आणि २०१८ मध्ये समोर आलेल्या पाहणीत देशभरात ९,५८९ संस्था आणि त्यांत पावणेचार लाखांच्या आसपास मुले मोजली गेली. दहापैकी नऊ संस्था स्वयंसेवी होत्या. बाल न्याय कायद्याखालच्या नोंदणीच्या कक्षेत तेव्हा सुमारे एक तृतीयांशच आल्या होत्या. त्यानंतर नोंदणी वाढली आणि अनेक गृहे बंदही झाली. करोनाने आई-बाप हिरावलेली मुले बाल कल्याण समित्यांसमोर आली. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत कुटुंबाकडे झुकणारी भाषा आली. बंद झालेल्या गृहांतली मुले कुठे गेली, घरी परतलेल्यांचे काय झाले, याचा माग ठेवणारे कोणी आहे का? नोंदणी वाढवण्याच्या घाईत हा प्रश्न मागे पडला, तर आकडे सुधारतील आणि मुले नजरेआड होतील.

संग्रहात परिविक्षा अधिकारी, अधीक्षक, वकील आणि बाल कल्याण समितीचे माजी सदस्य यांनी लिहिले आहे. बालगृहात वाढून अठराव्या वर्षी बाहेर पडलेल्या तरुण-तरुणींचे लेख मला सर्वांत मोलाचे वाटतात. कायद्यात अनुरक्षणाची, म्हणजे एकविसाव्या वर्षापर्यंत मदतीची, तरतूद आहे. ती त्यांच्यापैकी किती जणांपर्यंत पोचली, ते त्यांच्याच शब्दांत वाचावे. अधीक्षकांची बाजूही इथे आहे आणि ती नीट ऐकली पाहिजे. चाळीस-पन्नास मुलांची रात्रंदिवस जबाबदारी तुटपुंज्या मानधनावर घेणाऱ्या माणसाला आरोपीसारखे वागवून देखरेख सुधारत नाही. आश्रमशाळा आणि वृद्धाश्रम इथे आलेले नाहीत. ते विषय वेगळ्या पुस्तकाचे आहेत.

बाल कल्याण समितीच्या सदस्याचा कार्यकाळ तीन वर्षांचा असतो, आणि त्यातले पहिले वर्ष पुष्कळदा कायदा समजून घेण्यात जाते. नव्याने नेमणूक झालेल्या सदस्याने पहिल्या भेटीआधी हे पुस्तक वाचावे, अशी संपादकांची आणि माझी इच्छा आहे. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे मुलाची ओळख उघड करता येत नाही, म्हणून लेखांतल्या मुलांची नावे, गावे आणि संस्थांचे तपशील बदलले आहेत. जे आता सज्ञान आहेत आणि स्वतःच्या नावाने लिहू इच्छितात, त्यांची नावे त्यांच्या संमतीने तशीच ठेवली आहेत.